दुसऱ्याचं गाणं, आपला गळा

जॉन फिलिप सूसा हा अमेरिकेतला नावाजलेला बँडमास्टर. 1906 साली त्याने एका मासिकात लेख लिहून ग्रामोफोन हे संगीतावर आलेलं संकट आहे असं ठासून सांगितलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गाणारं यंत्र घरात आलं की घरातली माणसं गायची थांबतील, मुलं वाद्य शिकायचा कंटाळा करतील आणि हौशी गायक-वादक हळूहळू दिसेनासे होतील. त्याच्या आधी चारच वर्षं, नोव्हेंबर 1902 मध्ये, कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं होतं. म्हणजे हे संकट आपल्याकडेही येऊन पोचलं होतं. सूसाची भीती अगदीच अनाठायी होती असं म्हणता येत नाही. लग्नघरात बायका गात, तिथे आज डीजे लागतो. आरतीसुद्धा पुष्कळ ठिकाणी स्पीकरच म्हणतो. (जात्यावरच्या ओव्या मात्र ग्रामोफोनने घालवल्या नाहीत, पिठाच्या गिरणीने घालवल्या. प्रत्येक पापाचं खापर त्याच्या माथ्यावर नको.) पण सूसाला एक गोष्ट दिसली नव्हती. गाणं टिपणारं ते यंत्र पुढे स्वस्त आणि लहान होत होत शर्टाच्या खिशात येईल आणि ज्याला गाता येतं, थोडंफार येतं किंवा फक्त गावंसं वाटतं, तो प्रत्येक जण त्यात आपला आवाज भरायला लागेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आज संध्याकाळी दुकान बंद करून, शाळेच्या वह्या तपासून किंवा शेतातून येऊन हार्मोनियम, गिटार, नाहीतर नुसता मोबाइल घेऊन कुणी लताबाईंचं, बाबूजींचं, अजय-अतुलचं गाणं म्हणतो, टिपतो आणि चार मित्रांना पाठवतो. याला आता सगळेच ‘कव्हर’ म्हणतात. जाणकार मंडळी त्याकडे बघून नाक मुरडतात. माझ्या मते हा उद्योग दुय्यम नाही. आपल्याकडे गाणी अशीच जगत आली आहेत, आणि ध्वनिमुद्रणाने त्यात पूर्वी कधी नव्हती अशी एक गोष्ट आणली आहे.

नाक मुरडण्याच्या मुळाशी एक समजूत असते, की प्रत्येक गाण्याचं एक अस्सल रूप असतं आणि बाकी सगळ्या त्याच्या नकला. ही समजूत जुनी वाटते, पण ती तबकडीइतकीच जुनी आहे. ‘गीतरामायण’ घ्या. मराठी माणसाला त्याचा एकच आवाज आठवतो, बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. पण 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ती 56 गाणी प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, लता मंगेशकर अशा अनेकांनी ती वाटून घेतली होती. सगळी गाणी एकट्याने म्हणण्याचे फडक्यांचे कार्यक्रम नंतरचे. म्हणजे ज्याला आपण मूळ समजतो, त्यातला मोठा भाग फडक्यांनी आपल्याच चालींचं केलेलं पुनर्गायन आहे. पुढे गीतरामायणाची हिंदी, कन्नड, गुजराती, बंगाली, तेलुगू अशी भाषांतरं झाली आणि तीही याच चालींवर गायली गेली. नाट्यसंगीताची गोष्ट आणखी मजेची आहे. रंगभूमीवर एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत घेत लांबत जाई, रोज वेगळं होई. 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूला मावत असे जेमतेम तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत बसवलेलं पद पुढच्या पिढ्यांना मूळ म्हणून मिळालं. त्याही मागे जायचं, तर अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं तेव्हा पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचा हवाला असायचा. प्रेक्षकाला ओळखीची चाल ऐकायला मिळणार हे लपवायची गरज कुणालाच वाटत नव्हती. आंबेडकरी जलशांनी आणि भजनी मंडळांनी सिनेमाच्या चालींवर आपले शब्द बसवले तेही याच वहिवाटीतून. त्यात चाल तीच आणि शब्द नवे असतात, कव्हरमध्ये दोन्ही तेच. पण गाणं ही सर्वांनी हाताळायची वस्तू आहे, ही धारणा दोन्हीकडे एकच.

याचा सगळ्यात जिवंत दाखला बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याच्या परिसरात सापडतो. बाहेरच्या माणसाला मांजरसुंबा ठाऊक असतो तो घाट आणि चौक म्हणून. धुळे–सोलापूर महामार्ग आणि नगरकडून अंबाजोगाई-लातूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. बस चहापाण्याला थांबते आणि निघते. पण इथून जवळच बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. धबधब्याशेजारी सोळाव्या शतकातल्या मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा मराठी ग्रंथ लिहिणारे आणि अभंग रचणारे हे वीरशैव संतकवी. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या चालत येतात, आणि वाटेत शिवभजन चालू असतं. आता विचार करा, मन्मथस्वामींनी आपला अभंग कोणत्या सुरात म्हटला हे कुणालाच ठाऊक नाही. तबकडी नाही, स्वरलिपी नाही. उरले आहेत ते शब्द, छंद आणि चारशेहून अधिक वर्षं गाणाऱ्यांचे गळे. एका गावच्या भजनी मंडळाची चाल दुसऱ्या गावाला परकी वाटते. दिंडीत दोन मंडळं शेजारी आली की एकाची चाल दुसऱ्याच्या कानावर पडते आणि पुढच्या वर्षी थोडी बदलून त्याच्याकडे वाजते. वारकऱ्यांचंही तसंच. तुकोबांचा एकच अभंग एका फडावर एका चालीत, दुसऱ्यावर दुसऱ्या चालीत, आणि भीमसेनांच्या मैफलीत तिसऱ्याच. यातलं कव्हर कुठलं आणि मूळ कुठलं? प्रश्नच उद्भवत नाही. टाळकऱ्यांत दुकानदार असतो, कंडक्टर असतो, ऊसतोडीला जाऊन आलेला असतो. कुणाचंही पोट गाण्यावर नसतं. हौशी माणसाने दुसऱ्याचं काव्य आपल्या गळ्याने म्हणणं हा इथल्या संगीताचा पायाच आहे. मोबाइलसमोर बसलेला गाणारा त्याच पायावर उभा आहे, त्याला हे ठाऊक असो वा नसो.

आता आनंदाकडे येऊ, कारण तोच मुख्य मुद्दा आहे. गाणं शंभरदा ऐकूनही जे कळत नाही ते एकदा वाजवायला बसलं की कळतं. गीतरामायणातलं पहिलंच गाणं पाहा. ते भूप रागावर बांधलेलं आहे. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला तर पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, एकाही काळ्या पट्टीला हात लावावा लागत नाही. त्यामुळे शिकाऊ माणसालाही तासाभरात मुखडा सापडतो आणि तो हरखून जातो. मग तो फडक्यांच्या आवाजाशी ताडून बघतो आणि काहीतरी कमी पडतंय हे जाणवतं. पट्ट्या बरोबर आहेत, पण गंधारावरून रिषभावर येताना गळा जसा घसरत येतो तशी पेटी येत नाही. ती एक पायरी सोडून दुसरीवर उडी मारते. पेटीत मींड नाही, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य त्या क्षणी हाताला कळतं. याच उणिवेपोटी 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं होतं आणि कित्येक वर्षं ते उघडलं नव्हतं, त्या वादातला मुद्दा काय होता हेही तेव्हा उलगडतं. मग श्वासाची बाब येते. शब्द न तोडता श्वास कुठे घ्यायचा? ऐकताना तो श्वास कधी कानावर आलेलाच नसतो, कारण चांगला गायक तो लपवतो. म्हणायला बसल्यावर प्रत्येक ओळीत श्वासाची जागा हुडकावी लागते आणि ती सापडली की कवीने यती कुठे ठेवली होती ते समजतं. लताबाईंचं गाणं पुरुषाने म्हणायचं तर पट्टी बदलावी लागते, आणि काळी चार सोडून पांढरी एकवर उतरलं की तेच गाणं थोडं गंभीर, थोडं वयस्क वाटायला लागतं. हा शोध ऐकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांसोबत 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाणारे, वाजवणारे, नाचणारे आणि नुसते ऐकणारे यांची तुलना केली. प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली, नुसतं ऐकणाऱ्यांची तशी वाढली नाही. शरीरात एंडॉर्फिन पाझरल्याची ही खूण, असा त्यांचा अर्थ. भजन संपल्यावर दमलेली माणसं ताजीतवानी का दिसतात, याचं अर्धं उत्तर तरी इथे आहे.

पण मग टिपून कशाला ठेवायचं? म्हणावं आणि सोडून द्यावं. भजनी मंडळ कुठे टिपत बसतं? हा आक्षेप मला बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतो, कारण कॅमेरा समोर आला की गाणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून उडतं हे खरंच आहे. तरीही टिपण्याचा एक फायदा असा आहे की तो दुसऱ्या कशानेच मिळत नाही. गाताना आपण आपला आवाज दोन वाटांनी ऐकतो, हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून थेट आत. हाडांच्या वाटेने खर्जाकडचा भाग जास्त पोचतो, म्हणून स्वतःला आपला आवाज भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला आवाज उतरतो आणि माणूस दचकतो, ‘हा मी?’ हॉल्झमन आणि रूसी या मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली याच दचकण्याचा अभ्यास केला. त्यांच्या मते अस्वस्थतेचं कारण नुसता ध्वनीतला फरक नाही. आपण न ठरवता आवाजात उतरलेली भीती, ओढाताण, कंटाळा हेही ऐकू येतं. गाणं शिकवणाऱ्याला हे शिष्याच्या गळ्यात लगेच दिसतं. ज्याला गुरू नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या बहुतेकांना नसतोच, त्याच्यासाठी ध्वनिमुद्रण हा तटस्थ कान आहे. अंतरा गाठेपर्यंत सूर उतरलेला असतो, समेवर येण्याची घाई झालेली असते, ‘ष’चा ‘श’ झालेला असतो. हे मित्र सांगत नाहीत. यंत्र भीडभाड ठेवत नाही.

यंत्राच्या मात्र स्वतःच्या खोड्या आहेत, त्या ओळखून असावं. फोनमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय असते. ती एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते, आणि एकसारखा चालणारा आवाज म्हणजे तंबोरा. त्यामुळे पार्श्वभूमीला लावलेला तंबोरा मधूनच विरतो, परत येतो, पुन्हा विरतो. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करता आली तर करावी. बिनतारी इयरफोनचा उशीर ही दुसरी अडचण. ब्लूटूथने आवाज पोचायला सहज एक पंचमांश सेकंद लागू शकतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा हातची जाते आणि माणूस आपल्या तालज्ञानाला दोष देत बसतो. साधा वायरचा इयरफोन हे दुखणं मुळातून मिटवतो. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे भिंतीला दोन वाकळी टांगल्या की पुष्कळ फरक पडतो. आणि हमरस्त्यालगत घर असेल, तर घाट चढणाऱ्या ट्रकांपुढे इलाज नाही; पहाट गाठावी, नाहीतर तो आवाज गाण्याचा भाग मानून सोडून द्यावा.

नकलेच्या आक्षेपात तथ्य आहे ते तयार ट्रॅकच्या बाबतीत. 1971 साली जपानमधल्या कोबे इथे दाइसुके इनोए याने कराओकेचं यंत्र बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही, हा त्याचा जगावरचा उपकार की अपकार यावर वाद घालता येईल. वादकांशिवाय, कधीही, भरगच्च वाद्यमेळात गाता यावं ही सोय मोठीच. पण ट्रॅक गाणाऱ्यासाठी थांबत नाही. एखाद्या शब्दावर रेंगाळावंसं वाटलं तर तबलजी समजून घेतो, ट्रॅक पुढे निघून जातो. मग गाणारा हळूहळू मूळ गायकाच्या प्रत्येक हरकतीची, प्रत्येक खटक्याची छापील प्रत काढायला शिकतो आणि त्यालाच कसब मानायला लागतो. तरी नक्कल हा शिक्षणाचा शत्रू नव्हे. आपल्याकडची तालीम आधी गुरूचं तसंच्या तसं उचलण्यापासूनच सुरू होते. फरक कळतो तो तसंच्या तसं जमल्यावर. मास्टर दीनानाथांची पदं आशा भोसल्यांनी पुढे आपल्या आवाजात गायली. त्यात वडिलांची आक्रमक तान ओळखू येते आणि तरी ते गाणं आशाबाईंचंच राहतं. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली रंगभूमीवर आलं तेव्हा वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेल्या पदांना 2015 च्या चित्रपटात त्यांचा नातू राहुल देशपांडे यांनी आवाज दिला, आणि ज्यांनी नाटक पाहिलंच नव्हतं ती मुलं ती पदं गुणगुणायला लागली. नव्या गळ्याने जुनं गाणं बिघडतं ही भीती म्हणूनच मला पटत नाही. वाईट गायलेलं कव्हर विसरलं जातं. मूळ तबकडीला त्याने ओरखडाही उमटत नाही.

कवी-संगीतकाराच्या हक्काचं काय, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे कव्हरचा धंदा कॅसेटच्या काळात फोफावला. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने एचएमव्हीकडची गाजलेली गाणी नव्या गायकांकडून म्हणवून स्वस्तात विकली, आणि त्यासाठी 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेतला. 2012 साली कायदा बदलून कव्हरसाठी 31 सी हे वेगळं कलम आलं. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं, मालकाला आगाऊ कळवायचं, दर वर्षी किमान 50,000 प्रतींचं मानधन भरायचं, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत-चालीत बदल करायचा नाही, अशा त्यातल्या अटी. उघडच आहे की हा नियम कंपन्यांसाठी शिवलेला आहे. पाटोद्याच्या मास्तरांना किंवा केजच्या औषधविक्रेत्याला तो कसा बसणार? पण याच कायद्याच्या 52 व्या कलमात हौशी माणसाची आठवण ठेवलेली आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रम हा हक्कभंग ठरत नाही. म्हणजे मंदिराच्या सभामंडपात गायलेल्या गाण्याला कायद्याचं अभय आहे. ते गाणं यूट्यूबवर चढवलं की मामला बदलतो. तिथे हक्कदार कंपनी दावा सांगते, जाहिरातीचे पैसे तिच्याकडे वळतात, कधी व्हिडिओच उतरवला जातो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. गीतरामायणाचे कवी माडगूळकर 1977 साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत. फडके 2002 साली गेले, म्हणून त्यांच्या चालींवरचा 2062 अखेरपर्यंत. तुकोबा आणि मन्मथस्वामी मोकळे आहेत, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने त्यांच्या अभंगाला दिलेली चाल मोकळी असेलच असं नाही. शिवाय तयार ट्रॅक ज्याने बनवला त्याचा त्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो; स्वतः पेटी वाजवणाऱ्याची या एका कटकटीतून तरी सुटका होते. कायद्याने कंपनीच्या पदरात पडणारे चार पैसे तिला मिळावेत, यात हौशी माणसाचं काही जात नाही. त्याने पैशासाठी गायलेलंच नसतं.

‘पण ऐकतो कोण?’ असं विचारणाऱ्याला एवढंच सांगता येईल की बहुतेक कव्हर वीस-पंचवीस माणसं ऐकतात, आणि तेवढीच माणसं गावच्या भजनालाही असतात. मला खटकतं ते वेगळंच. फोनच्या सोयीने आपण शंभर ठिकाणी टिपली गेलेली सिनेमाची गाणी एकशेएकाव्यांदा टिपतो, आणि ज्या चाली कुठेच टिपलेल्या नाहीत त्यांच्याकडे फोन वळवत नाही. कपिलधारच्या वाटेवर म्हटल्या जाणाऱ्या शिवभजनाच्या, काकड्याच्या, म्हाताऱ्या विणेकऱ्याला तोंडपाठ असलेल्या कित्येक चालींना त्या माणसाच्या गळ्याशिवाय दुसरा आधार नाही. सिनेमाचं गाणं खुशाल म्हणा, टिपा, पाठवा. त्याखाली कवी, संगीतकार आणि पहिला गायक यांची नावं मात्र न चुकता लिहा. आणि पुढचं कव्हर करायचं असेल तेव्हा गावातल्या सगळ्यात जुन्या टाळकऱ्याकडे जाऊन एक चाल शिका. आधी त्याच्या आवाजात टिपून घ्या, नंतर आपल्या. दोन्ही फायलींवर गावाचं नाव, म्हणणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला.